तळातली सुंठ

झाशीजवळच्या बरुआसागरच्या मंडईत आलं विकायचं तर ते आधी आडत्याच्या हाताखालून जावं लागतं. पोत्याचं तोंड सुटलं तरी आडत्या वरच्या मालाकडे बघत नाही. बाही वर सारतो, हात कोपरापर्यंत आत खुपसतो, चाचपतो आणि तळाशी सापडेल ते मुठीत धरून बाहेर काढतो. वरचा थर निवडक असणार हे सगळ्यांनाच ठाऊक. तो लावताना शेतकरी लाजत नाही आणि आडत्याही त्याचा राग मानत नाही. मंडईची रीतच आहे ती.

त्या सकाळी अनुसयाच्या पोत्यातून हात बाहेर आला तेव्हा मुठीत बोटाएवढे बारीक, वेडेवाकडे गड्डे होते. आडत्यानं एक मोडला. आतून लांब रेशा निघाल्या. वास असा उसळला की शेजारच्या पोत्यापाशी उभा माणूस शिंकला.

"बारीक है, फौजी भैया. रेशा ही रेशा," आडत्या अनुसयाच्या नवऱ्याला, हणमंताला म्हणाला. "अब बाहर से मोटा माल आ रहा है, ट्रक भर-भर के. ये कौन उठाएगा?"

"तिखट है लेकिन," अनुसया मध्ये बोलली. "चाय में थोडा डालो तो भी..."

"भाभीजी, लोग आँख से खरीदते हैं, जीभ तो घर जाके लगती है." असं म्हणून त्यानं हाताची माती पुसली. पुसली ती त्यांच्याच पोत्याला. मग तो पुढच्या पोत्याकडे वळला.

बैलगाडीइतक्या हळू चालणाऱ्या टमटममध्ये पोती परत चढली. वाटेत तलावावर धुकं होतं, टेकडीवरचा किल्ला कमरेपासून वर तेवढा दिसत होता. हणमंत पोत्यांना टेकून बसला होता. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावकडचा हा गडी फौजेत हवालदार झाला, शेवटची नेमणूक इथून जवळच्या बबिन्याच्या छावणीत झाली आणि निवृत्त झाल्यावर तो इथंच राहिला. गावी भावांमध्ये वाटणी होऊन जमीन अंगणाएवढी उरली होती. इथं तलावाखाली, कालव्याच्या काठाला बऱ्यापैकी तुकडा मिळाला. तिथं त्यानं जवानांसारखीच शिस्तीत पिकं उभी केली. आलं मात्र अनुसयाचं.

"ह्या वर्षी शेवटचं," हणमंत म्हणाला. "बेणंसुद्धा इकून टाकू. उन्हाळ्यात भेंडी लावू. भेंडीला कुणी रेशा मोजत न्हाई."

बेणं म्हणजे पुढच्या लावणीसाठी राखलेले सगळ्यात जाड, डोळस गड्डे. घरामागं आंब्याच्या सावलीत खड्डा करून, वाळू आणि पाचोळ्याच्या थरात ते निजवलेले होते. हे बेणं अनुसयाला पहिल्या वर्षी शेजारच्या रामकलीच्या सासूनं पदरातून आणून दिलं होतं. अनुसयानं पैसे पुढे केले तेव्हा म्हातारीनं हात झटकला होता. "बीज बेचो नईं जात बहू, दओ जात." बी विकत नाहीत, देतात. म्हातारी गेली. गावातल्या बहुतेकांनी तिचं बारकं आलं सोडून मोठ्या जातीचं धरलं. आता ते रामकलीच्या दारातल्या एका वाफ्यात आणि अनुसयाच्या शेतात, एवढंच उरलं होतं.

"इकायचं न्हाई," अनुसया म्हणाली. "वल्लं उठत न्हाई तर वाळवू. सुंठ करू."

"आन् सुंठ कोण उचलनार?"

"ते मला काय ठावं? पन वाळलेली नासत तरी न्हाई. वाट बघंल."

"सुंठ वाट बघंल, मी न्हाई. चैतापातूर गेली तर गेली. न्हाईतर खड्डा उकरायचा," हणमंत म्हणाला आणि त्यानं विडी पेटवली.

*

आल्याचं साल काढायला लोखंडी सुरी चालत नाही, गर काळा पडतो. बांबूची कांब तासून तिला धार आणायची आणि खरवडायचं. वरवर खरवडलं तर साल राहतं, खोल गेलं तर वासच निघून जातो. अनुसया, रामकली आणि तिची जाऊ अशा तिघी उन्हाच्या कवडशात बसून खरवडत होत्या. दुपारपर्यंत बोटं तापायची, संध्याकाळी नखांच्या मुळाशी आग व्हायची. चुकून डोळ्याला हात लागला की संपलंच.

"काए बाई," रामकली म्हणाली, "जा सोंठ खाबे वारो कोऊ है, कै हमई-तुमई खाएँ जिंदगी भर?"

"खाऊ की. सर्दी तो नहीं होगी मरते दम तक."

तिघी हसल्या. पण धुकं हटत नव्हतं. काळ्या खडकावर पसरलेले तुकडे सकाळी दवानं ओले व्हायचे, दुपारी जरा आवळायचे, संध्याकाळी पुन्हा गोळा करून आत न्यावे लागायचे. बाळाला आत-बाहेर करावं तसं चाललं होतं.

शनिवारी स्वराली बसनं आली. हणमंत-अनुसयाची ही एकुलती एक मुलगी. झाशीला वसतिगृहात राहून शिकत होती. मराठी तिला सगळी कळायची, पण बोलताना जीभ हिंदीकडं वळायची.

"आई, तू मंडीतच का विकते? नेटवर टाक ना."

"नेटवर म्हंजे कुठं?"

"एक साइट आहे. दुसऱ्या देशांचे पण छोटे व्यापारी असतात तिथे. नेपाळ, युगांडा, केनिया... जे मोठ्या कंपनीकडून घेऊ शकत नाहीत ना, ते सीधा शेतकऱ्याला विचारतात. झाशीत एक मसालेवाले आहेत, ते सगळ्यांचा थोडा-थोडा माल एकत्र करून जहाजावर पाठवतात."

अनुसयानं कांब खाली ठेवली. तिला एकदम दहा प्रश्न पडले. ती माणसं चहा पितात का? पितात तर त्यात आलं घालतात का? त्यांच्याकडे पिकत नाही का? पिकत असेल तर आपलं कशाला? स्वराली एकेकाचं उत्तर देत गेली आणि जिथं तिलाही माहीत नव्हतं तिथं म्हणाली, "ते त्यांनाच विचार."

"इचारता येतं?"

"हो ना. लिहायचं फक्त."

अनुसयाला सगळ्यात नवल याचंच वाटलं. मंडईत माल विचारला जायचा, माणूस कधी कुणी विचारला नव्हता.

फोटो काढायची वेळ आली तेव्हा हणमंत उठला. त्यानं सुंठेचे तुकडे धुतलेल्या चादरीवर रांगेत मांडले, उंचीप्रमाणे, जवानांच्या किटसारखे.

"पप्पा, परेड नहीं है!"

"असूं दे. साहेब बघनार म्हटल्यावर बूट चमकाय पायजेत."

चार-दोन दिवस नुसती चौकशी येत राहिली. कुणी भाव विचारी आणि गडप होई. कुणी नुसता हात जोडल्याचं चित्र पाठवी. अनुसया रोज संध्याकाळी स्वरालीला फोन लावायची, "आज कुठनं कोन आलं?" भाव काय म्हणाले ते ती शेवटी विचारायची.

मग केनियातल्या मोंबासाहून म्वानाइशाची विचारणा आली. समुद्राकाठच्या त्या शहरात तिचं मसाल्याचं छोटं दुकान होतं. चहात घालायला तिखट सुंठ हवी होती, पण सांगितलेल्या मालापेक्षा वेगळाच माल येतो म्हणून ती दोनदा पोळली होती. स्वराली इंग्रजीतून वाचायची आणि आईला सांगायची. सुंठेला त्यांच्याकडे 'टांगावीझी' म्हणतात हे कळल्यावर अनुसयानं तो शब्द तीनदा म्हणून पाहिला, रामकलीलाही शिकवला. रामकलीच्या तोंडात त्याचं 'टाँगा-बीजी' झालं आणि तेच रूढ झालं.

एकदा म्वानाइशाचं उत्तर लवकर आलं नाही. आलं तेव्हा लिहिलं होतं, माफ करा, सून बाळंत झाली, दवाखान्यात होते. मुलगा झाला. तुमचा नमुना पाठवा, बघते.

"बाळंत झाली?" अनुसया फोनवर जवळजवळ ओरडलीच. "अगं मग सुंठ लागंलच की तिला!"

*

इथं काय झालं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ याच्यातूनच निघाला.

अनुसयाच्या माहेरी रीत होती. बाळंतिणीला जाणारी सुंठ विकायच्या ढिगातून काढायची नाही, बेण्यातून काढायची. जिच्या अंगावर नवा जीव पितो, तिला पुढं रुजणारंच द्यायचं. आईनं तसं केलं होतं, आजीनं केलं होतं. अनुसयाला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. ती खड्ड्याशी गेली, पाचोळा सारला आणि वाळूतून जाडजूड गड्डे उचलले.

कुंपणापलीकडून रामकलीनं बघितलं. "अरे, बीज काए उघार रईं?"

"उसकी बहू को बच्चा हुआ है. टांगावीझीवाली की."

"हओ, तब तो ठीक है," रामकली म्हणाली. तिलाही त्यात वावगं काही दिसलं नाही.

ते गड्डे तिनं वेगळे खरवडले, वेगळे वाळवले. देवानं तेवढे दिवस ऊनही कडक दिलं. जाड, गुळगुळीत, हस्तिदंती रंगाची सुंठ झाली. मलमलीच्या तुकड्यात बांधून तिनं ती स्वरालीच्या हाती दिली. स्वरालीनं ती नमुना म्हणून झाशीतल्या मसालेवाल्यांच्या पेटीतून रवाना केली. तिला काय ठाऊक कुठल्या ढिगातली? सुंठ ती सुंठ.

उत्तर यायला वेळ लागला, पण आलं ते असं की स्वराली पुढच्याच बसनं घरी आली. अंगणात चप्पल एकीकडं, पिशवी दुसरीकडं.

"आई! सगळी घेते म्हणते! जितनी है सब! आणि पुढच्या वर्षी पण!"

हणमंत खाटेवरनं उठून उभा राहिला. त्यानं मिशीवरनं हात फिरवला. "बघितलंस? बूट चमकावलं म्हनून."

"काय लिहिलंय नीट वाच," अनुसया म्हणाली.

"लिहिलंय, इतकी जाड, साफ सुंठ मी कधी पाहिली नाही. सगळा माल असाच असेल तर सगळा पाठवा."

"असाच असंल तर?"

"हो. नमुन्यासारखा."

अनुसया कोठीत गेली. पोत्याचं तोंड सोडलं. आत त्यांची सुंठ होती, बारकी, मुरडलेली, खडबडीत. एक तुकडा मोडला. टक्कन आवाज झाला, रेशा निघाल्या, नाक झणझणलं. वासाला ती तीच होती. दिसायला नव्हती.

ती बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "ती बेण्यातली व्हती," ती म्हणाली. "म्या तिच्या सुनंला म्हनून धाडली. तिनं ती नमुना समजली."

मग स्वराली डोक्याला हात लावून खाली बसली. "आई, सॅम्पल म्हणजे वचन असतं. तू असं कसं... मला बोलायचं ना!"

"नमुना कोन मागत हुतं? ती बाळंतिणीचं बोलली."

"तिनं दोन्ही बोललं होतं, आई. एकाच निरोपात."

हणमंतानं घसा खाकरला. "त्यात रडायचं काय हाय? जाड आल्याचा खड्डा भरलेला हाय. ते समदं काढू, खरवडू, वाळवू. वरनं जाड, तळाला बारकी. पोतं शिवून मोकळं. मंडईत आजवर काय केलं?"

"मंडईत त्यो हात घालतो कोपरापातूर," अनुसया म्हणाली. "त्याला ठावं असतंय. हिला कुठला हात? हिला निस्तं डोळं हायत, आन् त्येबी आपण दाखवू तेवढंच."

"मग बेणंच देऊन टाक. तसंबी भेंडी लावायचीय."

तिनं चौकट सोडली. घागर उचलून कालव्यावर गेली. पाणी भरताना बोटांच्या भेगा झोंबल्या. बेणं कापलं तर आलं विकलं जाईल आणि संपेल. नाही कापलं तर आलं राहील आणि विकलं जाणार नाही. मग चैत्रात हणमंत खड्डा उकरणारच. दोन्हीकडून खड्डा रिकामाच. घागर भरून वाहायला लागली तरी ती तशीच वाकून होती.

परत आली ती थेट कोठीत शिरली आणि एक पोतं ओढत अंगणात आणलं, भर उन्हात.

"स्वराली, त्यो फोन धर. फोटू न्हाई, चालतं-बोलतं घे."

"आई, काय करते?"

"तिला हात न्हाई. मी तिचा हात हुते."

तिनं पोत्याचं तोंड सोडलं. पदर खोचला, बांगड्या वर सारल्या. वरचा थर बघितलाही नाही. हात कोपरापर्यंत आत घातला, तळाशी चाचपलं आणि सापडेल ते मुठीत धरून काढलं. मूठ फोनसमोर उघडली. बारकी बोटं, एक तर सापाच्या पिल्लासारखं मुरडलेलं, एकाला साल राहिलेलं. ते सालवालं तिनं लपवलं नाही. एक तुकडा मोडून रेशा दाखवल्या, जिभेवर ठेवला. डोळ्यांतून पाणी आलं.

"बाई," ती फोनकडं बघून मराठीतच बोलली, "माझा माल ह्यो असा हाय. जाड धाडली ती तुझ्या सुनंसाठी. बाळंतिणीला आमी बेण्यातलं देतो. बेणं इकत न्हाई, त्येच्यातनं फुडलं साल उगवतं. चूक माझी झाली, सांगायची राह्यली. तिखट हाय मातर. आता तुझी तू बघ."

स्वरालीनं खाली इंग्रजीत सगळं लिहिलं. 'बेणं' या शब्दापाशी ती अडली, मग काहीतरी लिहून पाठवलं.

हणमंत खाटेवर पाठ करून पडला होता. तो तसाच म्हणाला, "फौजेत असं कुनी केलं असतं तर कोर्ट मार्शल."

*

उत्तर आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. झाशीच्या मसालेवाल्यांची गाडी गावातून वाटाणे, हळद घेऊन गेली, त्यांच्या दाराशी थांबली नाही. ऊन वाढलं. आता सुंठ छान वाळत होती, पण तिच्याकडं बघायचा उत्साह कुणाला नव्हता. रामकली येऊन बसायची. "टाँगा-बीजी ने का कही?" "कुछ नहीं." "नाराज हो गई हुइए. हम होते तो हम भी होते." थोड्या वेळानं म्हणायची, "नईं, हम नईं होते."

अनुसयाला राहून राहून वाटायचं, ती सुंठ सुनेनं खाल्ली का? कशात घालून? आमच्याकडं तूप-गुळात लाडू करतात, त्यांच्यात काय करत असतील? एवढं तरी विचारायला हवं होतं. सौदा मोडला त्याचं दुःख होतंच, पण बोलणं मोडलं हे जास्त लागत होतं.

एका संध्याकाळी हणमंत मऊरानीपूरच्या बाजारातून बसनं आला आणि कोनाड्यात भेंडीच्या बियांची पाकिटं ठेवली. पाकिटावर लांबसडक, हिरवीगार भेंडी छापली होती.

अनुसयानं पाकीट हातात घेतलं. "अशी येती व्हय भेंडी?"

"पाकिटावर कुनी वाकडी छापतं का?"

"न्हाई छापत," ती म्हणाली. "आन् उगवल्यावर मातर आपल्यालाच शिव्या."

हणमंताच्या मिशीत काहीतरी हललं. पण त्यानं फावडं काढून दाराशी उभं केलं. उद्या खड्डा उकरायचा होता.

सकाळी तो खड्ड्याशी पोहोचला तोवर अनुसया तिथं बसलेली होती. दोघांमध्ये फावडं. तेवढ्यात हणमंताच्या खिशातला फोन वाजला. स्वराली धापा टाकत बोलत होती. "आई, व्हिडिओ आलाय. पाठवलाय. बघ, आत्ता बघ!"

दोघं आंब्याखालीच बसली, हणमंतानं फोन लांब धरला. निळ्या रंगाच्या भिंतीचं दुकान. डोक्यावरून फुलाफुलांचं वस्त्र घेतलेली ठसठशीत बाई. बाहेर गाड्यांचे भोंगे, कुणीतरी कोंबड्याला हुसकत होतं. बाईनं एक पोतं पुढं ओढलं. बाही वर सारली. मनगटावर मेंदीचे काळे वेल. आणि तिनं हात कोपरापर्यंत पोत्यात खुपसला.

"अगं, हीबी!" अनुसयाच्या तोंडून निघालं.

बाईनं तळातून मूठ काढली. वरची सुंठ पांढरीशुभ्र होती, मुठीतली किडकी. मोडली तर भुगा झाला. तिनं तो फुंकून उडवला आणि अशी हसली की फोन धरणारा माणूसही हसला, चित्र हललं. मग तिनं सुनेला पुढं ओढलं, तिच्या कडेवर बाळ. सून लाजत बशीतून कसलंसं खीरवजा खात होती.

खाली अक्षरं होती. हणमंतानं फोनकडूनच त्याचं हिंदी करून घेतलं आणि अडखळत वाचलं. "इथल्या बाजारात पण आम्ही हात घालूनच घेतो. फोनमध्ये हात घालता येत नाही, म्हणून दोनदा फसले, हे पोतं त्यातलंच. तुम्ही माझ्यासाठी घातलात. बेण्यातली सून खाते आहे, ती विकणार नाही. दुकानासाठी सगळी नको, आधी थोडी पोती पाठवा, तिखट निघाली तर उरलेली. पण वरची नको. तळातली पाठवा."

हणमंत वाचायचा थांबला. त्यानं फोन बायकोच्या हातात दिला आणि फावडं उचललं. मग खड्ड्याच्या कडेला उघडी पडलेली वाळू फावड्यानं आत ओढली, वर पाचोळा सारला आणि पायानं हलकेच दाबला.

"भेंडी?" अनुसयानं विचारलं.

"बांधाला लावू की," तो म्हणाला. "बांध मोकळाच पडलाय."

दुपारी पोती भरायला घेतली. रामकली सुतळी-दाभण घेऊन बसली. हणमंत ओंजळीनं भरत होता, आणि पोतं गळ्यापर्यंत आलं तसा त्याचा हात आपसूक चादरीवरचे बरे, सरळ तुकडे वेचून वर ठेवू लागला. आयुष्यभराची सवय. अनुसया बघत राहिली. त्यालाच ते जाणवलं. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग रामकलीकडं. मग पोत्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ते पुरतं उलटं केलं. सगळी सुंठ चादरीवर सांडली, बरी-वाईट एक झाली. अंगणभर असा वास उठला की तिघं एकदमच शिंकले.

"आता सांग," हणमंत नाक पुसत म्हणाला, "तळ कुठला?"

"आता भरा," अनुसया म्हणाली.

त्यानं खोरं घातलं. ती पोत्याचं तोंड धरून बसली होती आणि मध्येच तिला आठवलं, तशी ती एकदम सरळ झाली.

"अवं, पोराचं नाव काय ठेवलं त्येंनी? ते इचारायचंच राह्यलं बघा!"